औषधाचे अन्न आणि वैद्याचे ऋण

ज्येष्ठाच्या प्रारंभी, पावसाची चाहूल लागण्यापूर्वी, आम्ही काही वैद्य माकणीच्या धरणाकाठी गेलो होतो. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील या गावी तेरणा नदीवर निम्न तेरणा प्रकल्पाचे धरण आहे. जाण्याचा हेतू साधा होता. पाणी ओसरलेल्या काठावर माका, पुनर्नवा आणि गोखरू कोठे व कसे उगवतात, हे तरुण वैद्यांना दाखवावयाचे होते. परंतु त्या दिवशी वनस्पतींपेक्षा आमचे लक्ष वेधले ते गाळाने भरलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगेने. पाणी हटलेल्या तळातून काळाभोर गाळ उपसला जात होता आणि ट्रॉल्या भरभरून माळावरील हलक्या रानांकडे निघाल्या होत्या.

तेथे उभ्या असलेल्या एका वयोवृद्ध शेतकऱ्यास आम्ही विचारले, “मामा, एवढा खटाटोप कशासाठी?” ते हसून म्हणाले, “डॉक्टरसाहेब, आमच्याच रानाची माती हाय ही. पावसानं वाहून नेली, धरणानं गिळली. आता तीच डिझेल जाळून परत आणायलोत.”

त्या दोन वाक्यांत जे सांगितले गेले, ते पर्यावरणशास्त्राच्या एखाद्या प्रकरणाहून कमी नव्हते. परतताना एक प्रश्न मात्र आमची पाठ सोडीना. शेतकरी आपल्या रानातून गेलेली माती परत आणतो. आम्ही वैद्य आणि औषधनिर्माते गेली अनेक दशके रानावनांतून मुळे, साली, फळे, डिंक यांच्या गाड्याच्या गाड्या आणीत आहोत. त्यांतील परत काय नेले? या प्रश्नाचा विचार आपल्या त्रैमासिकाच्या वाचकांपुढे मांडावा, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

भूमी विरस होते तेव्हा

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय आपण सर्वांनी अभ्यासलेला आहे. पांचाल देशाच्या राजधानीत, कांपिल्य नगरीजवळ, ग्रीष्माच्या शेवटी गंगातीरावरील वनातून फिरत असता भगवान पुनर्वसु आत्रेय अग्निवेशास सावध करतात. वायू, उदक, देश आणि काल हे चार भाव बिघडले म्हणजे प्रकृती, आहार, वय यांनी भिन्न असणारी माणसेही एकाच वेळी एकाच व्याधीने नष्ट होतात, हा त्या अध्यायाचा गाभा होय. परीक्षेत आपण एवढेच लिहिले आणि गुण मिळविले. त्याच संवादातील दुसरी सूचना मात्र आपल्या नजरेतून निसटते. भूमीतील रस नाहीसा होण्यापूर्वीच औषधी संग्रहित करून ठेव, असे आचार्य शिष्यास सांगतात. कारण भूमी विरस झाली की औषधींचे रस, वीर्य, विपाक आणि प्रभावही जातात.

याचा अर्थ स्पष्ट आहे. औषधाचा गुण वनस्पतीच्या नावात नसून तिच्या पोषणात आहे. नाव तेच, आकार तोच, गंधही बहुधा तोच. तरी ज्या भूमीने तिला पोसले तिचा रस गेला असेल, तर हाती उरते ते केवळ काष्ठ. म्हणूनच सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात भूमिप्रविभागीय नावाचा स्वतंत्र अध्याय योजिला आणि औषधी घेण्यापूर्वी भूमीची परीक्षा करावयास सांगितली. खड्डे, खडे, वारुळे, स्मशान, वाळू यांनी दूषित झालेली भूमी त्यांनी वर्ज्य ठरविली. चरकांनीही कल्पस्थानात जांगल, आनूप आणि साधारण अशा देशभेदांचा विचार करूनच संग्रहविधी सांगितला आहे.

रुग्णाचा आहार विचारल्यावाचून आपण चिकित्सा करीत नाही. मग औषधाचा आहार आपण का विचारीत नाही?

रस कोठून येतो

भूमीचा रस म्हणजे काय, हे आजच्या ज्ञानाच्या प्रकाशात थोडे तपासून पाहू. आपल्या भोवतीच्या हवेत सुमारे ७८ टक्के नत्र आहे. पण कोणत्याही झाडास तो हवेतून थेट घेता येत नाही. तूर, हरभरा, उडीद, मूग, त्याचप्रमाणे करंज, बाभूळ, ज्येष्ठमध ही शिंबी कुळातील झाडे तो मिळवितात ते मुळांवरील गाठींत राहणाऱ्या रायझोबियम गटातील जिवाणूंच्या द्वारे. झाड जिवाणूंस शर्करा देते, जिवाणू झाडास नत्र देतात. पेरणीनंतर महिन्याभराने तुरीचे किंवा उडदाचे रोप उपटून त्याची गाठ नखाने फोडून पाहावी. ती आतून तांबूस दिसली तर काम चालू आहे असे समजावे. हा तांबूसपणा आपल्या रक्तातील रक्तकणरंजकाशी सख्ख्या नात्याच्या, लोहयुक्त अशा द्रव्यामुळे येतो. वनस्पतीच्या मुळात रक्तासारखे द्रव्य असावे आणि ते तिचे नसून दोन जीवांच्या सहवासातून निर्माण व्हावे, हे वैद्यास चिंतन करण्याजोगे आहे.

दुसरे पोषकद्रव्य स्फुरद. मराठवाड्याच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत ते असते, पण कॅल्शियमशी बांधले गेल्यामुळे मुळांच्या हाती लागत नाही. तेथे मुळांच्या मदतीस येतात त्या मायकोरायझा नावाच्या बुरशी. मुळे जेथवर पोहोचू शकत नाहीत तेथवर त्यांचे सूक्ष्म तंतू पोहोचतात, स्फुरद आणून देतात आणि मोबदल्यात झाडाने बनविलेले अन्न घेतात. आपल्या बहुसंख्य औषधी वनस्पतींच्या मुळांशी हा व्यवहार अखंड चालू असतो. जमिनीत विद्राव्य स्फुरदाचा अतिरेक केला की झाडास या मदतनिसाची गरज उरत नाही आणि ही मैत्री सैल पडते.

तिसरी कडी शेणाची. गोठ्यातील शेण आपण खतासाठी वापरतो. रानात पडलेले शेण मात्र शेणकिडे जमिनीत ओढून नेतात. त्यामुळे जमीन भुसभुशीत होते, नत्र वाऱ्यावर उडून जाण्याऐवजी मुळांपाशी पोहोचतो आणि माश्यांची पैदास घटते. गुरांना दिल्या जाणाऱ्या आयव्हरमेक्टिनसारख्या जंतनाशकांचा अंश शेणात उतरतो व या किड्यांच्या अळ्यांना बाधतो, हे आता पुरेसे सिद्ध झालेले आहे. एका प्राण्यास दिलेले औषध त्याच्या शरीरात संपत नाही, या मुद्द्याकडे आम्ही पुढे पुन्हा येणार आहोत.

माकणीच्या परिसरात या सर्व कड्या एकाच ठिकाणी पाहावयास मिळतात. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात उगम पावणारी तेरणा पुढे मांजऱ्यास आणि मांजरा गोदावरीस मिळते. पूर्वी पावसाळ्यात वाहून आलेली माती नदीकाठी पसरत जाई. धरण झाल्यावर ती जलाशयात साठू लागली. जे रानातून गेले ते तळाशी अडकले. पोषकद्रव्यांचे चक्र तेथे तुटले. शासनाने २०१७ मध्ये सुरू केलेली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना म्हणजे हे तुटलेले चक्र सांधण्याचा एक स्थूल का होईना, पण खरा प्रयत्न आहे. मुरमाड रानात गाळ टाकला की ओल अधिक काळ टिकते. गाळात नत्र बेताचाच असतो. त्यास शेणखताची जोड द्यावी लागते, हे शेतकरी अनुभवाने जाणतात.

या धरणाने आणखी एक गोष्ट केली. मूळच्या जांगल देशात तिने आनूप देशाची एक पट्टी निर्माण केली. वरच्या माळावर तरवड, गोखरू, सराट्याची कुळी. खाली ओलीवर माका आणि लव्हाळा. एका गावाच्या शिवारात दोन देश! येथेच वैद्यास सावध राहावयास हवे. जलाशयाच्या काठी येणारे पाणी वरच्या ऊस-सोयाबीनच्या रानांतून खतांचे आणि कीटकनाशकांचे अंश घेऊन येते. अशा पाण्यात नत्र-स्फुरद वाढले की शेवाळ माजते. ते कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो. शिवाय ब्राह्मीसारख्या ओलीतल्या वनस्पती पाण्यातील जड धातूही शोषून घेतात. म्हणून काठावरचा माका हिरवागार दिसला एवढ्यावरून तो घेण्याजोगा ठरत नाही. सुश्रुतांनी स्मशान आणि वारूळ वर्ज्य सांगितले. आजच्या वैद्याने त्या यादीत सांडपाण्याचा नाला आणि फवारणीचे बांध घातले पाहिजेत.

आणखी एक विचार. वनस्पतीतील कषाय, तिक्त, कटू द्रव्ये ती आपल्यासाठी निर्माण करीत नाही. कीड, चरणारी गुरे, बुरशी, ऊन, अवर्षण यांच्याशी चाललेल्या झगड्यात ती तिची शस्त्रे असतात. नत्राचा भरपूर पुरवठा झालेली वनस्पती पालेदार होते खरी. पण कषाय द्रव्यांचे प्रमाण पुष्कळदा उतरते. मध्य प्रदेशातील मंदसौर-नीमचच्या हलक्या रानातील अश्वगंधेस बाजारात मान आहे, तो उगाच नव्हे. तिखट उन्हाच्या, कमी पाण्याच्या भूमीत वीर्य अधिक, हे जांगल देशाचे माहात्म्य प्राचीनांनी निरीक्षणानेच जाणले असणार.

निघंटूतील नाती

जीवाजीवांचे परस्परसंबंध हा विषय आपणास परका वाटण्याचे कारण नाही. आपल्या निघंटूची पाने उलटली तरी पुरे. लाक्षा हे द्रव्य पळस, बोर, कुसुंब यांच्या फांद्यांवर राहणारा एक लहानसा कीटक तयार करतो; झाड नाही तर कीटक नाही, कीटक नाही तर लाक्षादी गुग्गुळ नाही. कर्कटशृंगी हे फळ नव्हे, मूळही नव्हे. हिमालयातील एका वृक्षावर माव्याच्या जातीच्या कीटकांनी घडविलेली ती गाठ आहे. मायफळ हीही ओकच्या झाडावर एका गांधीलवर्गीय कीटकामुळे येणारी गाठच. अगरूचा सुगंध निरोगी झाडात नसतोच. खोडास इजा होऊन बुरशीचा शिरकाव झाला की झाड स्वसंरक्षणार्थ जी राळ स्रवते, ती म्हणजे अगरू. मधाविषयी तर वेगळे सांगावयास नको. सितोपलादी मधासह देताना त्या एका चमच्यामागे किती फुले आणि किती मधमाश्या उभ्या असतात, याचे स्मरण आपणास क्वचितच होते.

लिंबावर चढलेली गुळवेल श्रेष्ठ मानण्याची परंपरा आपल्याकडे आहे. आम्ही स्वतः कबूल करतो की, अनेक वर्षे आम्ही व्यापाऱ्याकडून गुळवेलीचे तुकडे पोत्यांनी घेतले. ती कशावर चढली होती, हे एकदाही विचारले नाही. लिंबाची अपेक्षा धरणाऱ्या आम्हाला ती विजेच्या खांबावरची होती की गटारकाठच्या कुंपणावरची, हे ठाऊक नव्हते.

चंदनाचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. चंदन हा अर्धपरजीवी वृक्ष होय. त्याची पाने हिरवी असतात, अन्न ती बनवितात. पण पाणी व क्षार मिळविण्यासाठी त्याची मुळे शेजारच्या झाडांच्या मुळांना लहान चूषकांनी चिकटतात. शेजारी नसेल तर चंदन खुरटते. म्हणून जाणकार रोपाबरोबर तूर लावतात आणि पुढे शेतात करंज, लिंब, सुरू अशी दीर्घायुषी सोबत देतात. चढ्या भावाच्या आशेने ज्यांनी तण काढून, स्वच्छ रानात, एकट्या चंदनाच्या रांगा लावल्या, त्यांच्या पदरी निराशा आली. आपल्या अनेक महाविद्यालयांच्या वनौषधी उद्यानांतही हीच चूक आढळते. प्रत्येक झाडास स्वतंत्र आळे, स्वतंत्र पाटी, खाली झाडून लख्ख केलेली जमीन. पाचोळा जाळला जातो. विद्यार्थ्यास नाव समजते, कूळ समजते. झाड कोणाच्या आधाराने जगते, हे समजत नाही.

गिधाडांनी दिलेला धडा

औषध रुग्णाच्या शरीरात संपत नाही, असे आम्ही वर म्हटले. याचा सर्वांत भीषण पुरावा आपल्या देशाने पाहिला आहे. १९९० च्या दशकात भारतातील गिधाडे झपाट्याने नाहीशी होऊ लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. कारण उमगले ते २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून. गुरांच्या सूज-वेदनेवर दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावरांच्या मांसात शिल्लक राही; ते खाल्लेल्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत आणि अवयवांवर युरिक आम्लाचे थर साचून ती मरत. २००६ मध्ये भारताने या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जातात हे लक्षात आल्यावर २०१५ मध्ये कुपीचा आकारही ३ मिलिलिटरपुरता मर्यादित केला गेला. पुढे २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅक यांवरही गुरांसाठी बंदी आली.

गिधाडे गेली म्हणजे केवळ एक पक्षी गेला असे झाले नाही. काही तासांत साफ होणारी मढी दिवसेंदिवस कुजू लागली, पाण्याचे स्रोत दूषित झाले, भटकी कुत्री वाढली, श्वानदंशाचे भय वाढले. गिधाडांच्या ऱ्हासामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे ५ लाख माणसांचे अधिक मृत्यू झाले असावेत, असा अंदाज २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाने मांडला आहे. अंदाज म्हणूनच तो घ्यावा. पण दिशा चुकलेली नाही. जनपदोद्ध्वंसाची याहून सुस्पष्ट आधुनिक व्याख्या कोणती?

“हे अ‍ॅलोपॅथीचे पाप, आमचे नव्हे,” असे म्हणून येथे टाळ्या घेणे सोपे आहे. आम्ही तसे म्हणणार नाही. त्या औषधाने जनावराचे दुःख खरोखरच कमी होत होते आणि ते देणाऱ्याच्या मनात अपाय नव्हता. त्याने केवळ एक प्रश्न विचारला नव्हता: हे पुढे कोठे जाणार? तोच प्रश्न न विचारण्याचा दोष आपल्याकडेही आहे. फरक एवढाच की, त्यांचे औषध निसर्गात उतरल्याने हानी झाली. आपले औषध निसर्गातून निघाल्याने होत आहे.

किती घेतो, काय देतो

राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळासाठी झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १,१७८ औषधी वनस्पतींचा व्यापार चालतो आणि त्यांतील २४२ वनस्पती अशा आहेत की, ज्यांची प्रत्येकी वार्षिक उलाढाल १०० टनांहून अधिक आहे. यांतील मोठा वाटा आजही जंगल आणि पडीक रानांतूनच येतो. पान, फूल, फळ तोडले तर झाड राहते. मूळ उपटले की झाड जाते. दशमुळातील बृहत्पंचमूळ, म्हणजे बेल, टेंटू, शिवण, पाडळ आणि अग्निमंथ, हे मोठे वृक्ष आहेत. वर्षानुवर्षे त्यांची मुळे मागणाऱ्या धंद्याने पुढील पिढीच्या दशमूलारिष्टाची तरतूद कोठून करावयाची? गुग्गुळाची स्थिती तर आपण जाणतोच. अधिक स्राव मिळावा म्हणून निर्दयपणे चिरा दिल्याने राजस्थान-गुजरातमधील ही झुडपे वाळत गेली आणि आज ती अतिसंकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत आहेत.

घेतल्यानंतरचे आता पाहू. शार्ङ्गधरोक्त क्वाथविधीत द्रव्याच्या सोळापट पाणी घालून अष्टमांश उरवितात. पाण्यात उतरणारा भाग थोडा. द्रव्याच्या वजनाचा मोठा हिस्सा चोथ्यात राहतो. झाडाने भूमीतून वर्षानुवर्षे वेचलेले कॅल्शियम, काही नत्र, स्फुरद आणि काष्ठद्रव्य त्या चोथ्यात असते. या चोथ्याचे आपण काय करतो? आमच्या परिचयाच्या एका औषधनिर्माणशाळेच्या मागे तो ओढ्यात लोटला जात असे. पावसाळ्यात तेथील पाणी काळे होई आणि दुर्गंधी सुटे. अन्यत्र तो भट्टीत जाळतात. जाळल्याने इंधन वाचते हे खरे. पण नत्र धुरातून जातो आणि राखही बहुधा उकिरड्यावर पडते. चक्र पुन्हा तुटते, माकणीच्या धरणासारखेच. फक्त आपल्या धरणातला गाळ उपसावयास कोणी येत नाही.

कायद्याची बाजूही लक्षात घ्यावी. २००२ च्या जैविक विविधता कायद्याखाली देशी कंपन्यांनीही जैवसंपदेच्या लाभातील वाटा दिला पाहिजे, असा निर्णय उत्तराखंड उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये दिला. पुढे २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२४ पासून अमलात आली. तीनुसार उपजीविकेसाठी व्यवसाय करणारे नोंदणीकृत आयुष वैद्य, तसेच ग्रंथोक्त परंपरागत ज्ञान यांना बऱ्याच अंशी सूट मिळाली. अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आम्हीही कागदपत्रांच्या जाचातून सुटण्याचे स्वागतच करतो. परंतु कायद्याने मागणे सोडले म्हणून ऋण फिटत नाही. सावकाराने वही मिटली तरी घेतलेले धान्य आपल्याच पोटात गेलेले असते.

आक्षेप आणि उत्तर

येथे दोन आक्षेप येतील. पहिला असा की, वैद्याचे काम रुग्ण पाहणे आहे, शेती पाहणे नव्हे. यास आमचे उत्तर असे: चतुष्पादात द्रव्याचे स्थान वैद्याच्या लगोलग आहे. द्रव्य निर्वीर्य असेल तर निदान कितीही अचूक असो, फळ येणार नाही. मग अपयश शास्त्राच्या माथी मारले जाईल. औषधाचा गुण येत नाही ही तक्रार आज कोणत्या चिकित्सालयात ऐकू येत नाही? आपण मात्रा वाढवितो, अनुपान बदलतो, प्रसंगी रसौषधीकडे वळतो. मुळाशी जात नाही.

दुसरा आक्षेप फार्मसीचालकांचा. स्पर्धेत भाव ठरलेले, कच्चा माल महाग. त्यात ही नवी उठाठेव कोण करणार? हा आक्षेप खरा आहे आणि आम्ही त्याची चेष्टा करणार नाही. म्हणूनच पुढील सूचना आम्ही अशाच मांडीत आहोत की, ज्या लहान फार्मसीसही झेपाव्यात.

पहिली, चोथ्याचे खत करावे. नुसता काष्ठमय चोथा शेतात टाकू नये. त्यात कर्ब फार आणि नत्र अल्प असल्याने तो कुजविणारे जिवाणू जमिनीतलाच नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळे पडते. त्यात शेण व हिरवा पाला मिसळून, कर्ब-नत्राचे प्रमाण साधारण तीसास एक या आसपास आणून, ओलावा राखून, अधूनमधून पालटत कुजवावा. हिरडा, बाभळीची साल अशा कषायबहुल द्रव्यांचा चोथा सावकाश कुजतो. त्यास अधिक काळ द्यावा. वत्सनाभ, कुचला यांसारख्या विषद्रव्यांचा शेष आणि रसशाळेतील धुवण मात्र या ढिगात कदापि जाऊ देऊ नये.

दुसरी, हे खत ज्यांच्याकडून आपण द्रव्य घेतो त्यांच्याच बांधावर पोहोचवावे. माल घेऊन येणारी गाडी परतताना रिकामीच जाते. तिच्यातून काही पोती खत गेले तर वाहतुकीचा भार फारसा पडणार नाही.

तिसरी, खरेदीच्या चिठ्ठीवर द्रव्याच्या नावाबरोबर गाव, भूमीचा प्रकार, संग्रहाचा ऋतू आणि वेल असल्यास आश्रयवृक्ष एवढे चार रकाने असावेत. प्रारंभी उत्तरे अपुरी येतील. पण विचारणारा आहे हे कळले की सांगणाराही तयार होतो.

चौथी, मुळांसाठी लागवडीचा माल अधिक भावाने घेण्याची आगाऊ हमी शेतकऱ्यास द्यावी. शतावरी, अश्वगंधा येथे शक्य आहेत. तुरीच्या किंवा हरभऱ्याच्या फेरपालटात त्या घेतल्या तर जमिनीचाही तोल राहील. वृक्षांच्या मुळांच्या बाबतीत साल व लहान फांद्या कितपत पर्याय ठरतात, याचा विचार आपल्या संघटनेने तज्ज्ञांसह गांभीर्याने करावा. ग्रंथ आणि वृक्ष या दोहोंपैकी एकाचीच निवड करण्याची वेळ येऊ देऊ नये.

पाचवी, रान जाणणाऱ्यांस मान द्यावा. गुराखी, तापस, व्याध आणि मुळे गोळा करणारे वनचर यांच्याकडून औषधींची ओळख करून घ्यावी, असे सुश्रुताचार्य स्वतः सांगतात. आपण त्यांना मात्र ‘पुरवठादार’ म्हणतो आणि किलोमागे दोन रुपये कमी करून घेतल्याचे समाधान मानतो. कोणत्या झाडाखाली यंदा रोपे उगवली नाहीत, कोणता पक्षी येईनासा झाला, हे प्रथम त्यांनाच कळते. आपल्या पुढील वार्षिक अधिवेशनात अशा दोघा-तिघांस व्यासपीठावर बोलवावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

या सूचनांनी सारे वन पुन्हा उभे राहील, असा आमचा भ्रम नाही. ट्रॉलीभर गाळाने धरणही रिकामे होत नसते. तथापि माकणीच्या त्या मामांनी धरणाचा तळ मोजला नव्हता. त्यांनी आपल्या रानाची गरज पाहिली आणि ट्रॅक्टर जुंपला. हा परिसर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने हादरला, त्यानंतर कित्येक दुष्काळांतून गेला. तरी दर उन्हाळ्यात येथील माणूस मातीचे देणे मातीला परत करावयास निघतो. आपल्या रुग्णांत असेच अनेकजण असतात. ते आपल्यापुढे नाडी देण्यासाठी हात पुढे करतात, तेव्हा त्या हातांना लागलेली माती आपल्या औषधांचीही माता आहे, हे ध्यानात असू द्यावे.

येत्या पावसाळ्यात प्रत्येक फार्मसीने आपल्या आवारात चोथ्याचा एक तरी ढीग रचावा आणि हिवाळ्याच्या आरंभी तो कोठे पोहोचला, हे या त्रैमासिकास कळवावे. आलेली पत्रे, अनुभव आणि चुकादेखील, आम्ही आनंदाने वाचू. आमच्या चुकीची कबुली आम्ही वर दिलीच आहे.

इत्यलम्।